रोज ताजे डोंगर

तंजावूरला डोंगर नाही. देवळाच्या शिखराकडे मान वर करून पाहावं, एवढीच काय ती गावातली उंची. बाहेर पडलं की जिकडेतिकडे भाताची सपाट शेतं. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. अशा गावात, राजवाड्यामागच्या गल्लीत, मंगलाबाईंच्या दारी साताऱ्याचे पिसाळ पती-पत्नी ऑटोतून उतरले, ते पायात जाडजूड बूट आणि हातात चढणीच्या काठ्या घेऊन!

मंगलाबाईंना त्या काठ्या पाहून वाईटच वाटलं. बिचाऱ्यांचे पाय दुखत असावेत, असं त्या समजल्या.

हे त्यांचे पहिलेच पाहुणे. माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडायच्या, हे खूळ त्यांचं एकटीचं. लेक लग्न होऊन परदेशी गेल्यापासून घरातलं मराठी आटत चाललं होतं. गल्लीतली मराठी घरं एकेक करून चेन्नईला गेली. उरले त्या आणि रघुनाथराव. दोघांतलं मराठी म्हणजे सकाळी ‘गोळी घेतली काय?’ आणि दुपारी ‘जेवाला या.’ रघुनाथराव सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, तेव्हा बोलण्यातूनही निवृत्त झाले असावेत. घरात चार माणसांनी मराठीत गप्पा माराव्यात, हसावं, भांडावं, याची मंगलाबाईंना भूकच लागली होती. म्हणून जाहिरात मराठीत द्यायची, हा त्यांचा हट्ट.

रघुनाथरावांनी मात्र अट घातली होती. पहिले पाहुणे खूश झाले तर ठीक. तोंड वाकडं करून गेले, तर माडी पुतण्याच्या, कार्तिकेयच्या, कॉम्प्युटर क्लासला द्यायची. कार्तिकेय खुर्च्या बघूनही आला होता.

म्हणून त्या दिवशी मंगलाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. पहाटेपासून त्यांनी माडी दोनदा पुसली, खिडकीतून राजवाड्याचा मनोरा नीट दिसावा म्हणून शेजाऱ्यांना त्यांची धुणी काढायला लावली, आणि कॉफीची पूड नवी आणवली. आपलं मराठी ऐकून ही मराठी मुलखातली माणसं हसतील, ही धाकधूक वेगळीच.

“या, या. बसा ओ,” त्या म्हणाल्या.

पिसाळ बसले नाहीत. सारी सुट्टी किल्ल्यांवर घालवणारा गडी तो. ओसरीच्या या टोकाला जाऊन पाहिलं, त्या टोकाला जाऊन पाहिलं, आणि मग विचारलं, “काकू, डोंगर कुठंय?”

मंगलाबाईंचा चेहरा खुलला. आल्या आल्या तेच विचारलं माणसानं!

“आत आहे, स्वयंपाकघरात. हातपाय धुवा, वाढते.”

पिसाळ बायकोकडे पाहत राहिले. मग सावरून म्हणाले, “नाही, म्हणजे केवढा आहे?”

“तुमाला होणा तेवढा! शिळा नाही हं. सकाळीच केला.”

“सकाळी केला?”

“रोज करते. लेकीला तर भातापेक्षा तोच जास्ती लागायचा.”

पिसाळांनी कपाळाचा घाम पुसला. “आणि चढायला किती वेळ लागतो?”

“चढत नाही ओ,” मंगलाबाई समजुतीनं म्हणाल्या. “पोटाला थंड असते. ताक घातलंय की!”

आता मात्र पिसाळांनी खिशातून फोन काढला आणि जाहिरात मोठ्यानं वाचली. “आमच्या घरी पाहुण्यांना रोज ताजे डोंगर मिळेल. आमचे डोंगर थंडगार आहे. मोहरीची फोडणी आहे. हवे तितके घ्या.” मग ते मान वर करून म्हणाले, “फोडणीचं काही कळलं नाही, पण म्हटलं, इकडची बोलण्याची रीत असेल. नकाशात डोंगर सापडेना, तेव्हा तर जास्तच आनंद झाला. म्हटलं, कुणाला ठाऊक नसलेला डोंगर दिसतोय!”

मंगलाबाईंना देवनागरी वाचता येत नव्हती. त्यांचं सगळं शिक्षण तमिळमधून. जाहिरात लिहिली होती त्यांच्या भाचीनं, कॉलेजात जाणाऱ्या नित्यानं. तिलाही ती लिपी येत नव्हती. इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि फोन पुढं करील तो पहिला मराठी शब्द घ्यायचा, अशी तिची पद्धत. तिनं लिहिलं होतं ‘डांगर’. उडदाची डाळ भाजून, दळून, ताकात कालवून वर फोडणी घातलेलं घरचं डांगर! फोनला डांगर कुठलं ठाऊक? त्यानं डोंगर करून टाकला. आणि मंगलाबाईंच्या कानांनी पिसाळांच्या डोंगराचं पुन्हा डांगर केलं.

भिंतीला टेकून उभी असलेली नित्या पुटपुटली, “अय्यो, मावशी… सॉरी.”

मंगलाबाईंनी झोपाळ्याकडे पाहिलं. झोपाळ्यावरून रघुनाथराव सगळं ऐकत होते. पिसाळांचा चेहरा पडला होता. एवढ्या लांबून डोंगरासाठी आलेल्या माणसाला ताकातलं पीठ दाखवायचं ते कुठल्या तोंडानं? गेली माडी, त्यांना वाटलं. गेल्या गप्पा.

तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं. सुमित्राबाई, पिसाळांची बायको. त्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या.

“डोंगर नाही? खरंच नाही?” एक बूट भिरकावून त्या म्हणाल्या. “अहो, लग्न झाल्यापासून दर सुट्टीला मी डोंगर चढतेय. गुडघे बोलायला लागले माझे! काकू, मी इथून हलत नाही. वाढा तुमचा डोंगर.”

मंगलाबाईंचा जीव भांड्यात पडला. केळीच्या पानावर त्यांनी गरम भाताचा ढीग केला, मधोमध खळगा पाडला आणि त्यात पळीभर डांगर सोडलं. पांढरं डांगर भातावरून ओघळत खाली आलं. पिसाळ तोंड फुगवून बसले होते. एक घास घेतला, थांबले. दुसरा घेतला. तिसऱ्यांदा वाढायला सांगताना त्यांना आपलं हसू आवरेना.

“आजवर एवढे डोंगर चढलो,” ते म्हणाले, “खाल्ला मात्र पहिल्यांदाच!”

त्यावर सगळं घर हसलं. मंगलाबाई तर पळी हातात धरून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. किती दिवसांनी त्या घरात मराठीत हसणं झालं होतं!

पाहुणे आठवडाभर राहिले. सुमित्राबाई माडीवर पाय पसरून मनोऱ्यावरची कबुतरं बघत बसत, टंबलरभर कॉफी पीत आणि मंगलाबाईंशी अखंड बोलत. एका संध्याकाळी मंगलाबाईंनी विचारलं, “उदईक काय करू जेवाला?” सुमित्राबाईंनी तो ‘उदईक’ पुन्हा म्हणायला लावला. उद्याला इतकं गोड म्हणतात हे ठाऊकच नव्हतं, म्हणाल्या. हसतील म्हणून ज्या बोलण्याची मंगलाबाईंना धास्ती होती, ते कुणीतरी मागून घेत होतं. त्या रात्री त्यांना आनंदानं झोप लागली नाही.

आणि रघुनाथराव? पिसाळांनी एकदा किल्ल्यांचा विषय काढला, आणि निवृत्त झालेलं बोलणं पुन्हा कामावर रुजू झालं. दोघं झोपाळ्यावर बसून असे वाद घालत की जेवायला चारदा हाका माराव्या लागत.

पाहुण्यांना स्टेशनवर पोचवून रघुनाथराव परतले, तोच फोन वाजला. कार्तिकेय होता. मंगलाबाई हातातलं काम टाकून दाराशी आल्या. पाहुणे गेले काय, माडी कधी रिकामी करता, खुर्च्या आणाला सांगू काय, असं तो विचारत असणार.

रघुनाथराव ऐकत राहिले. मग खाकरून म्हणाले, “माडी कुठली देऊ रे? वर डोंगर आहे.”

मंगलाबाई आत गेल्या आणि उडदाची डाळ भाजायला घेतली.