दत्तूनं गुंडाळलेला जोड

दत्तू गेल्याचा फोन आला तेव्हा राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. पावसात नेट बंद पडलं म्हणून तो ओरडत होता, मग मीही. छातीत कळ आली आणि सगळं संपलं, एवढंच त्याच्या घरून वहिनी म्हणाल्या. महिना उलटला, तरी मला अजून एका जागी बसवत नाही…

राधानगरीकडच्या गावांना आम्ही दोघं वायरलेस इंटरनेट पुरवायचो. उंचावर अँटेना बसवायचा आणि त्याचं तोंड समोरच्या गावातल्या अँटेनाकडं करायचं. मी बोलणारा, तो चढणारा. तिकडच्या पावसात सिग्नल पडायचाच. पण पाऊस थांबूनही आला नाही तर चूक आपली, असं त्याचं म्हणणं. केबलच्या जोडावर टेप तो खालून वर गुंडाळायचा, कौलं घालतात तशी, म्हणजे पाणी आत न शिरता घसरून जातं. आणि बिघाड झाला की वर चढून आधी नुसता समोर बघत उभा राहायचा. मी खालून बोंबलायचो, "अरं, बघतोस काय? खोल की जोड!" तो म्हणायचा, "थांब की रं. समोर काय हाय ते तर दिसू दे."

एकदा तो नसताना एका दूध संस्थेच्या अँटेनावर मीच घाईघाईत टेप गुंडाळली, वरून खाली. पहिल्याच मोठ्या पावसात जोडात पाणी गेलं. ऐन दूध घालायच्या वेळी नेट बंद, आणि सचिव आमच्यावर तुटून पडले. दत्तूनं माझी टेप काढली, स्वतःची गुंडाळली आणि खाली येऊन म्हणाला, "माझ्या हातनं चुकलं, साहेब." मी शेजारी गप्प उभा. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही, आणि माझीही जीभ रेटली नाही. त्याची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात त्याच संस्थेचा सिग्नल पावसात गेला तो उघडीप झाल्यावरही आला नाही. चढणारा आता मीच. खालून सचिव घाई करत होते. पोचल्या पोचल्या मी दत्तूच्या टेपला चाकू लावला. आत जोड कोरडा ठाक, पितळ लख्ख… मग मान वर केली. वाऱ्यानं मोडलेली निलगिरीची फांदी बरोबर अँटेनासमोर लोंबत होती.

"घावलं का काय?" सचिवांनी विचारलं.

"फांदी आडवी आलीया. जोड उगीच फाडला मी. दत्तूचा होता." मग राहवेना. "आणि मागं पाणी शिरलं ते माझ्यामुळं, साहेब. ती टेप मी गुंडाळलती."

"आमास्नी ठावं हाय की," ते म्हणाले. "दत्तूचा जोड कधी गळतोय व्हय?"

फांदी उतरवून घेतली, मग टेप मी खालून वरच गुंडाळली. सावकाश, दोनदा तपासून. तरी ढग भरून आले की तक्रार येईल म्हणून फोन हातातून सुटत नाही.