गमछ्यातला शिधा

जानेवारीत मैकलच्या डोंगरात मी एकटी सात दिवस चालले. अमरकंटककडून उतरत कवर्ध्याच्या बाजूला. पाठीवर सॅक, मुक्काम तंबूत. काहून गेलीस, असं लोक अजून विचारतात. खरं उत्तर असं की चिडून गेले. आमच्या शहरातल्या चौबे कॉलनीतली एक मैत्रीण हिमालयातले फोटो दाखवत म्हणाली, "ये तेरे बस का नहीं, तू पर्चे बाँट." डोंगर काय फक्त पॅकेजवाल्यांचे आहेत? आपल्या राज्यात डोंगर नाहीत? सॅक उसनी आणली, माकडटोपी गोल बाजारातून घेतली. बाबांनी त्यांचे रेल्वेतले लोकरी मोजे न बोलता पुढे केले. आई बोललीच.

"थंडीनं मरशीन, पोट्टे. आन् तिथं पर्चे कोणाले वाटशीन, अस्वलाले?"

पर्चे, म्हणजे चळवळीची पत्रकं, लिहिणं हेच माझं शिक्षण. कॉलेजपासून संघटनेत आहे. तात्यापाऱ्यातल्या छापखान्यात उभ्याउभ्या मी वाक्यं कापायला शिकले. एका वाक्यात एकच गोष्ट, आणि ती थेट. माझं सगळ्यात गाजलेलं वाक्य होतं : जो जात विचारतो, त्याच्या घरचं पाणी पिऊ नका. आजोबा भंडाऱ्याकडून इकडे रेल्वेत आले ते कशाला कंटाळून आले, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ते वाक्य मी नुसत्या शाईनं लिहिलं नव्हतं.

पहिले तीन दिवस मी फक्त थंडीशी भांडले. सकाळी तंबूवर पांढरं हिंव, बाटलीत बर्फाची पापडी, बुटाची नाडी बांधायला पंधरा मिनिटं. पण साल वृक्षांच्या जंगलात ऊन उतरलं की सगळं माफ व्हायचं. तासन् तास कोणी काही विचारत नाही, कोणाला काही पटवून द्यायचं नाही. मला वाटलं, हे आपल्याला जमतंय.

चौथ्या दिवशी दुपारी नाला ओलांडताना शेवाळावरून पाय गेला. कमरेपर्यंत भिजले. त्याहून वाईट म्हणजे स्लीपिंग बॅग भिजली. तंबू पातळ, आदल्या रात्री आतसुद्धा दव गोठलेलं. कोरडी जागा मिळाली नाही तर रात्र निघणार नाही, एवढं मला कळत होतं.

तासाभरानं चार घरांचा टोला, म्हणजे पाडा, लागला. बैगा आदिवासींची वस्ती. पहिल्याच घराच्या ओसरीवर एक म्हातारा बांबूच्या पट्ट्या सोलत होता. त्याच्या बायकोनं मला पाहिलं, काही न विचारता गोरसी, म्हणजे निखाऱ्यांची मातीची शेगडी, माझ्या पायाशी सरकवली आणि चूल पेटवायला आत वळली. दारात थांबून तिनं पोरीला विचारावं तसं विचारलं.

"कोन जात के अस, नोनी?"

माझं डोकं सटकलं. इथंही? चार घरांच्या टोल्यात, डोंगराच्या टोकावर? मी उठले आणि बोलायला लागले. हिंदीत, मुद्देसूद, अख्खा पर्चा. माणुसकी, संविधान, पाणी, आजोबा. बाई मान हलवत "हव, हव" म्हणत राहिली. म्हाताऱ्याच्या हातातली पट्टी तशीच. भाषण संपलं तशी मी सॅक उचलली. पुढचं गाव किती लांब, विचारलं. "दू कोस," म्हातारा म्हणाला. सूर्य टेकडीला टेकत होता. मी निघाले, आणि सांगते, तेव्हा मला फार अभिमान वाटत होता.

अभिमान अर्धा तास पुरला. मग लक्षात आलं की दात वाजायचे थांबलेत. हे चांगलं लक्षण नसतं, मी वाचलं होतं. काडेपेटी काढायला सॅकचं बक्कल उघडेना, बोटंच माझी नव्हती. एका सालाखाली बसले. बसल्यावर बरं वाटायला लागलं. उठायचं कशाला, असं वाटलं. 

मागून पावलं वाजली. म्हातारा होता, खांद्यावर कुऱ्हाड, हातात घोंगडी आणि गमछ्याचं गाठोडं. त्यानं घोंगडी माझ्यावर टाकली, वाळक्या फांद्या तोडून जाळ केला, माझे हात धरून जाळापाशी नेले. मग गाठोडं सोडलं. तांदूळ, मूठभर डाळ, दोन बटाटे, मीठ. सगळं कच्चं.

"रांध ले, अपन हाथ ले."

कच्चं कशाला, मी विचारलं. त्यानं समजावलं. जंगलखात्याचे साहेब येतात, गुरुजी येतात, यात्रेकरू येतात, आमच्या हातचं कोणी खात नाही. त्यांना कोरडा शिधा द्यावा लागतो, ते आपलं शिजवतात. म्हणून डोकरी, म्हणजे म्हातारी, आधी विचारते, चूल पेटवायची की शिधा बांधायचा. "तैं तो रिसा गेस." रुसून गेलीस.

मी म्हणाले, "मैं तुम्हारे हाथ का खाऊँगी."

"त पहिली बताना रिहिस," तो वैतागून म्हणाला. "डोकरी के भात जुड़ा गे होही." आधी सांगायचं की, म्हातारीचा भात गार झाला असेल.

सॅक त्यानंच उचलली. परत पोचलो तेव्हा पुरता अंधार पडला होता. बाईनं माझे मोजे काढून चुलीवर टांगले आणि गरम पेज पुढे ठेवली.

"भासन दे ले भूख लागथे न?"

मी म्हटलं, लागते. माझं बोलणं ऐकून तुम्ही यांना पाठवलंत का? ती म्हणाली, तू काय बोलत होतीस ते काही कळलं नाही. "फेर तोर दाँत बाजत रिहिस." पण तुझे दात वाजत होते.

नंतर मी आपणहून तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. जात सांगितली. सांगितलं की गावात माझ्या आजोबांच्या हातचंही कोणी खात नव्हतं.  तिनं माझ्या वाटीत आणखी एक पळी ओतली.

"त अउ खा."

सकाळी स्लीपिंग बॅग कोरडी होती. पुढचे तीन दिवस प्रत्येक दारात, कोणी विचारायच्या आत, मी सांगत गेले की तुमच्या हातचं खाईन. खाली सपाटीवर एका पक्क्या घरात मात्र तोच प्रश्न त्याच जुन्या कारणासाठी आला. तिथून पाणी न पिता उठले. त्याचा पश्चात्ताप नाही.

टोल्यातून निघताना त्या दोघांचे आभार मानले नाहीत. आभार हा शब्द आम्ही निवेदन घेणाऱ्या अधिकाऱ्यासाठी वापरतो, तो तिथं तोंडातून निघेना. मी बाईच्या पाया पडायला वाकले, तर तिनं हात धरून उभं केलं आणि म्हणाली, नाल्यात दगड बघून पाय टाक. मी जिवंत आहे ती त्या दोघांमुळे. मी ज्यांना चार शब्द सुनावून उठले होते, त्यांच्यामुळे.