सहा तारखेचा दंड

शिलाई मशीन घेतली तेव्हा मला वाटलं होतं, त्रास होईल तो ब्लाउजच्या बाह्यांचा. झाला तो तारखांचा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी सौंसरला आले होते. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. मशीन पांढुर्ण्याच्या एका दुकानातून हप्त्यावर आणली. बयाणा माझ्या माहेरच्या पैशांचा, त्यामुळे सासरी माझी म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू. शेजारणी ब्लाउज घाईने शिवून न्यायच्या आणि पैसे सवडीने द्यायच्या, तरी मशीनवर बसले की मला बरं वाटायचं.

हप्ता पाच तारखेला. चुकला तर पाच रुपये दंड. लागोपाठ तीन महिने चुकला तर मशीन परत आणि बयाणाही बुडाला. हे सगळं हप्त्याच्या कार्डामागे बारीक अक्षरात छापलेलं होतं. नवऱ्याने सही ऐटीत केली होती, वाचलं मात्र काही नव्हतं.

पगार चार तारखेला संध्याकाळी व्हायचा. पाचला सकाळच्या बसने पांढुर्णा गाठलं की काम झालं. पण सासूबाईंचा नियम होता, घरात आलेला पैसा एक रात्र आणि एक दिवस मुक्काम केल्याशिवाय बाहेर जायचा नाही. पाकीट कुंकू लावून देव्हाऱ्यात. सहाला सकाळी ते माझ्या हातात यायचं, आणि मी बसमध्ये संत्र्यांच्या पेट्यांशेजारी उभी राहून दंड भरायला जायची.

पहिल्या महिन्यात मला हसू आलं. दुसऱ्या महिन्यात संताप. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "आईले तूच सांग." दुकानात तरी काय बोलणार? घरातल्या अडचणी परक्यापुढे काढायच्या नाहीत, असंच आम्हाला शिकवलेलं. दंड मुकाट्याने भरायचा आणि मान ताठ ठेवून बाहेर पडायचं.

तिसऱ्या महिन्यात पाच तारखेला नवरा कामावर गेला. सासूबाई गहू निवडत होत्या. मी म्हणाले, "आई, आज हप्ता नाही गेला तर मशीन जाईल."

"उद्या ने."

"उद्या दुकानवालेच ती घ्यायला येतील. तुमच्या लक्ष्मीपायी माझी मशीन जाऊन राहिली, अन् तुम्हाला काही नाही!"

इतक्या मोठ्याने मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"लक्ष्मीचं नाही वं, बाई," त्या म्हणाल्या. "तुह्या सासऱ्याचा पगार आला तसाच मी किराणावाल्याले देऊन टाकला होता. उधारी नको म्हणून. त्याच रातीले पोरगी तापली. नागपूरले न्याले मोटारभाडं नोतं घरात. सकाळी चार घरं फिरून पैसे आणले, तवरिक ती गेली."

माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं. ज्या बाईने कुणाचा एक पैसा थकवला नाही, तिच्या वाट्याला हे यावं! मला माझ्या आवाजाची लाज वाटली. मी म्हणाले, "राहू द्या, आई." पण त्या उठल्या, पाकीट काढलं आणि हप्त्याचे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. पाकिटात बाकी पगार होता, तरी तो त्यांनी दोनदा मोजून पाहिला.

"जाय. बस निघून जाईन."

पांढुर्ण्याच्या दुकानात मुनीमजींनी कार्डावर शिक्का मारला, मागचे दोन दंड पाहिले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"पगार कवा होते तुमचा?"

"चार तारखेला संध्याकाळी."

"मंग पाच तारीख काहून ठेवली? आठ करून देऊ? त्याले काही पैसे नाही लागत. बरेच गिऱ्हाईक बदलून घेते. विचाराचं होतं ना, बाई."

त्यांनी पाचावर काट मारून आठ लिहिलं. एवढंच काम. मी काउंटरपाशी तशीच उभी राहिले. दंडाच्या दहा रुपयांचं मला काही वाटलं नाही. इथे तोंड उघडायची लाज वाटली म्हणून मी घरी तोंड सोडलं होतं, आणि एका आईला तिच्या लेकीचं मरण सांगायला लावलं होतं.

दुपारी घरी पोचले तर सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"राहिली का मशीन?"

"राहिली," मी म्हणाले आणि वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांना वाटलं, मशीन राहिल्याच्या आनंदात पडले.