गंगम्माच्या सुईची चूक

उदगीरच्या भांडेगल्लीत गंगम्माची भांड्यावर नावं कोरायची सुई चाळीस वर्षं घरघरत होती. लग्नाचं ताट असो की बारशाची वाटी, दुकानातून निघाली की तिच्याकडं. वर ‘श्री’ कोरायचा, खाली देणाऱ्याचं नाव. पण त्या साली लातुरात पाणी रेल्वेनं आणावं लागलं. लग्नं लांबली, भांडी दुकानातच राहिली. उदगीर जिल्हा होणार म्हणून लोक चौकात वाद घालत बसायचे. गंगम्माला वेगळाच घोर. काम मिळालं न्हाई, तर नांदेडला जावयाच्या दारी जाऊन पडायचं. जावई भला माणूस, पण त्याच्या घरी दुसऱ्यांदा चहा मागायलाही जीभ रेटत न्हाई.

अशात द्राक्षबागेवाले आप्पासाहेब आले. ते वाइन काढत; बाटलीवर वेल हवी होती. एकाकडून कागदाचं लेबल मागवलेलं, एकाकडून रंगकाम. गंगम्मापुढं तीन रिकाम्या बाटल्या ठेवून म्हणाले, “मावशी, उद्या दुपारी येतो. ज्याची वेल टिकेल, त्याला वर्षाचं काम.”

शेजारच्या शरणम्मानं नाक मुरडलं. “लिंगायताची बाई अन् दारूची बाटली?”

“रिकामी हाय गं. तुझ्या तोंडापेक्षा कमी वास मारते.”

पहिली बाटली सुई टेकताच तडकली. दुसरीही गेली. एकच उरली. मग गंगम्माला आठवलं, पातळ तांब्यावर कोरताना आत फडकं कोंबायचं, म्हणजे तो थरथरत न्हाई. बाटलीच्या गळ्यातून फडकं जाईना. पाणी भरावं, तर घरात प्यायला एकच घागर. तिनं वाळू चाळून भरली. बाटली गप्प बसली. सुई चालली. कुठं तडा जातो, म्हणून गंगम्माचा सगळा जीव कानात. हात आपला चालत राहिला. थांबून बघते तर काय, सवयीनं ‘श्री’ काढलेला!

कागद असता तर सोलला असता, रंग असता तर पुसला असता.

“वरून पानं काढ, झाकंल,” शरणम्मा म्हणाली.

“देवाला पानाखाली दडवू?”

आप्पासाहेब आले, तेव्हा बाटली तिच्या पदराखाली होती. “चुकलं माझं. दारूवर देवाचं नाव आलं, ही देणार न्हाई,” ती म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

“वाइन बर्फात ठेवतात, तिथं टिकायला हवं,” ते म्हणाले. समोरच्या रसवंतीतून बर्फाची बादली मागवली, दुसऱ्या दोघांच्या बाटल्या गाडीतून काढून तीत बुडवल्या. लेबल घसरलं. रंग नखानं निघाला. मग हात पुढं केला. गंगम्मानं नाइलाजानं बाटली दिली. त्यांनी श्रीवर नख घासलं.

“हे पुसणारच न्हाई की.”

“म्हणून तर देत न्हाई.”

त्यांनी गाडीतून कोरी बाटली आणली. “माझ्यासमोर काढा.”

वाळू भरली, सुई लागली. गंगम्माचे ओठ हलत होते. देठ उमटला, पान उमटलं, घोस लोंबला.

“काय पुटपुटता, मावशी?”

“तोंडानं श्री म्हणून घेते. हातानं हट्ट धरू नये म्हणून.”

आप्पासाहेब हसले. “सोमवारी शंभर बाटल्या पाठवतो.”

श्रीची बाटली गंगम्मानं धुऊन, पाणी भरून भिंतीतल्या देवळीत देवापाशी ठेवली. मग लेकीला फोन लावला. “दिवाळीला येईन गं, चार दिवस. पाहुणी म्हणून.”