बोडिल आणि पायथन तीन-अकरा

बोडिल आमच्या स्वेनबोर्गच्या कचेरीत जोड्या जुळवायची. माणसांच्या नव्हेत, कुठल्या जँगोला कुठला पायथन चालेल, याच्या. पायथन ही आम्ही प्रोग्राम लिहितो ती भाषा आणि जँगो हा त्या भाषेत बांधलेला वेबसाइटचा सांगाडा. त्याला वरून लावायचे कोडचे छोटे तुकडे, त्यांना आम्ही जोडण्या म्हणतो. दोघांच्याही नव्या आवृत्त्या येतच राहतात आणि वाटेल ती वाटेल तिच्याशी नांदत नाही.

येप्पेसारखी तरुण मंडळी सगळं नवंकोरं उचलायची आणि तोंडघशी पडायची. बोडिल त्याला म्हणायची, "अरे शहाण्या, आधी जँगोला विचार, कुठला पायथन चालतो. मग बाकीच्या जोडण्यांना विचार. त्यातली जी सगळ्यात हट्टी, तिचं ऐकायचं. पाहुणे जेवायला बोलावतोस, तेव्हा कुणाला काय सोसत नाही ते आधी विचारतोस ना?"

एकट्या म्हाताऱ्यांकडे गप्पांना माणूस पाठवणाऱ्या मंडळाची साइट मात्र ती पायथन तीन-अकराच्या पुढे नेईना. त्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं. तिथली हट्टी जोडणी आस्गरनं, तिच्या नवऱ्यानं लिहिली होती. भेटीची आठवण करून देणारे निरोप साइटला न अडवता मागच्या मागे जायचे, ते त्याच्यामुळे. आस्गर वारला, आणि त्याचं कोड तीन-बारावर चालत नव्हतं.

तीन-अकरावर नवा जँगो चालत नव्हता, आणि आता तिथल्या जुन्या जँगोची डागडुजी बंद होणार होती. पुढे एखादं भोक सापडलं असतं, तर कुठली म्हातारी कुठल्या घरात एकटी असते, हे चोरालाही कळलं असतं. पण बोडिलला सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे होईना. आमच्या भित्रेपणाचा मला भारी राग यायचा, आणि तरी मीही गप्पच.

एका सकाळी ती केक घेऊन आली. आमच्याकडे रीत अशी, की ज्याच्या हातून चालतं काम मोडेल त्यानं केक आणायचा.

"काय मोडलंस गं?" येप्पेनं विचारलं.

"अजून काही नाही. आता मोडणार आहे. मुकाट्यानं खा."

तिनं जँगो सहा घेतला आणि पायथन तीन-तेरा.

"तीन-चौदा का नाही? जँगोला चालतो की!" येप्पे म्हणाला.

"जँगोला चालतो. आपल्या नकाशाच्या जोडणीला अजून नाही."

मग तिनं आस्गरचं कोड काढून टाकलं. मला राहवेना. "आणि निरोप?"

"नव्या जँगोत मुळातच सोय आहे." तिनं ते पान उघडलं. काम मागे सोपवायचं, समोरच्याला ताटकळत ठेवायचं नाही. ते काम उपसणारा भाग तेवढा तिनं वेगळा जोडला. आस्गरनं केलं होतं जवळजवळ तसंच.

चाचण्या पार पडल्या. पहिला निरोप गेला. बोडिलचे डोळे भरले, माझेही.

"जँगोतच ही सोय हवी, असं आस्गर म्हणायचा, तर सगळे हसायचे त्याला," ती म्हणाली. "बघ, आता सगळ्यांनाच पटलं."

येप्पेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तशी ती त्याला म्हणाली,

"ऐकायला तेवढा तो हवा होता रे."