उजवीकडचं काळीज आणि वॉर्डातली इतर मंडळी

केस पेपर रेकॉर्ड रूममध्ये गेले की उंदरांचे होतात. पेशंट मात्र आमच्या डोक्यात अ‍ॅडमिट होतात आणि डिस्चार्ज घ्यायचं नाव काढत नाहीत! सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, मेडिसिनच्या वॉर्डात, वॉर्डप्रमुख सरांच्या हाताखाली, मी हाउसमन म्हणजे शिकाऊ डॉक्टर होतो. तिथली ही मंडळी.

*

पारशिवनीकडचे एक काका खोकल्यासाठी आले. आमच्या नव्या इंटर्नने त्यांच्या छातीच्या डाव्या बाजूला स्टेथोस्कोप लावला. ठोकेच ऐकू येईनात. सरकवला, दाबला, शेवटी घाबरून ओरडला, "सर, पेशंट गेला!"

काका उठून बसले. "कुठं? मी तं इथंच हावो जी!"

एक्स-रेत कळलं, काकांचं हृदय जन्मापासून उजवीकडे होतं. धोका काही नव्हता. सरांनी सोबत आलेल्या काकूंना नीट समजावलं. काकू उसळल्याच, "पाहा! लग्न झाल्यापासून सांगून राहिली मी, या माणसाचं काळीज जागेवर नाही म्हणून!"

*

भर मे महिन्यात उष्माघाताने बेशुद्ध झालेला एक गवंडी आणला. वाचेल असं कुणालाच वाटेना. त्याला बर्फात ठेवलं, ओल्या चादरी घातल्या, पंखे लावले. दुपारभर बायको त्याचे पाय चोळत रडत होती. संध्याकाळी त्याने डोळे उघडले. भोवतीचा बर्फ पाहिला आणि कुडकुडत बायकोला विचारलं,

"काहून वं, दिवाळी होऊन गेली का?"

*

कपाशीवर फवारणी करताना एका शेतकऱ्याला विषबाधा झाली. यावरच्या इंजेक्शनांनी माणूस वाचतो, पण एक-दोन दिवस भ्रमात असतो. सर नाडी पाहायला वाकले, तर याने त्यांचा टायच पकडला. "हो हो! थिर राह, ढवळ्या!"

सर बिचारे थिर राहिले!

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला आणि सरांकडे निरखून पाहू लागला. "साहेब, तुमाले कुठंतरी पाह्यलं मी!"

"पाहिलं असेल," सर म्हणाले. "शेतावर."

*

दूर चांदा गावी बदलीची ऑर्डर आली आणि एका क्लार्कचे दोन्ही पाय गेले. तीन आठवडे पडून. सगळ्या तपासण्या नॉर्मल! सरांनी हातोडी ठोकून पाहिली, टाचणी टोचून पाहिली, रागावूनही पाहिलं. त्याचं एकच उत्तर, "उचलतच नाही जी!"

एका सकाळी त्याच्या समोरच्या खाटेवर कळमेश्वरचा एक पेशंट आला. साप चावलेला. सरांनी विचारलं, "कोणता साप होता?"

"आणला नं जी सोबत!" असं म्हणत त्याने हातातल्या डब्याचं झाकण काढलं.

साप जिवंत होता! सर टेबलावर चढले, सिस्टर सरांच्या शेजारी, बाकी सगळा वॉर्ड दाराकडे. मागून कळमेश्वरवाला ओरडतोय, "अरे, तुम्ही काहून पळता गा? चावला तं मले!"

तो साप बिनविषारी निघाला, पण ते नंतर. तेव्हा मी धावत आवारातल्या कडुलिंबाखाली पोहोचलो, तर माझ्याआधी तिथे एकच माणूस पोहोचलेला. आमचा क्लार्क! दोन्ही पायांवर उभा, धापा टाकत.

मी थक्क होऊन विचारलं, "अहो, पाय?"

त्याने खाली पाहिलं आणि तो केविलवाण्या आवाजात म्हणाला, "नाही जी साहेब. अजूनबी उचलतच नाही!"