पिवळ्या रांगोळीचा रस्ता

दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत विलासकाका दळवी बसलेले कुणी पाहिले नव्हते. लिफ्टची वाट बघतानाही ते येरझाऱ्या घालायचे, आणि ती अर्ध्या मिनिटात आली नाही तर जिन्याने वर. सदतीस वर्षं एका मंत्रालयात फायलींवर शेरे मारून ते निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात जाड टायरची, खडीवर चालणारी सायकल घेऊन आले. "आयुष्यभर बसलो गं विनया, आता बसवत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते, नोएडाच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीला चिकटलेली असते. मला ते पटलं आणि मीही सायकल घेतली. घेतली म्हणजे, फशी पडले.

दर रविवारी उजाडायच्या सुमारास सायकली गाड्यांवर लादून आम्ही आठ-दहा जण फरीदाबादच्या पलीकडे अरावलीत जातो. तिथे एका जुन्या बांधाजवळ चहाची टपरी आहे. तिथून निघून तिथेच परत येणारे तीन रस्ते काकांनी शोधून काढले होते: सोपा, मधला आणि अवघड. नव्या माणसाची आधी मुलाखत व्हायची. जिना चढताना बोलता येतं का? गुडघा कुठला दुखतो? उतारावर डोळे मिटता का? मग काका शेरा द्यायचे. मला "मधला" मिळाला तेव्हा मी खूप भांडले, तर म्हणाले, "शेऱ्याला अपील नसतं." मंत्रालय सुटलं तरी सवय सुटली नव्हती.

जंगलात रंग फासायचा नाही, कागद बांधायचे नाहीत, हा त्यांचा नियम. म्हणून आदल्या दिवशी जाऊन ते वळणावळणावर रांगोळीचे बाण काढून यायचे. सोप्याला पिवळे, मधल्याला पांढरे, अवघडला लाल. रांगोळी अर्थातच कुमुदकाकूंच्या डब्यांतली. काकू रोज दारात छोटीशी रांगोळी काढत. रंग त्यांची बहीण पुण्याहून पाठवायची.

"माझ्या दारात चार ठिपके आणि हरियाणाभर बाण," काकू म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण ते हसणं मला कधीच खरं वाटलं नाही. नोकरी होती तेव्हा काका रात्री नऊला घरी यायचे. आता शनिवारी बाण काढायला जायचे आणि रविवारी बाणांवरून जायला. बाकीचे दिवस सायकल पुसण्यात. घरी नवरा असून बाई एकटीच जेवत होती.

जानेवारीत एकदा काकू चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "एक रविवार मी येते. जमलं, तर दर रविवारी येईन. नाही जमलं, तर सायकल विकायची आणि रविवारी घरी थांबायचं. बोला."

काकांनी अजिबात वेळ न लावता होकार दिला. मग महिनाभर त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. सोपा रस्ता त्यांनी चार वेळा पुन्हा तपासला. शेतांच्या कडेने आठ किलोमीटर, एकही चढ नाही. तरी त्यातले दगड स्वतः उचलून बाजूला टाकले. काकूंसाठी हलकी सायकल आणली आणि सोसायटीच्या आवारात त्यांना रोज फिरवलं. काकू नीट चालवायला लागल्या. काका मात्र त्यांच्या पुढे जाऊन वळून बघायचे, परत यायचे, पुन्हा पुढे जायचे. मला बघूनच धाप लागायची.

तो रविवार उजाडला. अवघडवाले सहा जण सर्वांत आधी सुटले. मधल्या रस्त्याची त्या दिवशी मी एकटीच होते, म्हणून काकांनी मला काकूंच्या सोबतीला दिलं. शेवटी आम्ही तिघं निघालो. शंभर पावलंसुद्धा झाली नसतील, काका म्हणाले, "मी जरा पुढचं बघून येतो हं." आणि गेले.

"बघितलंस?" काकू म्हणाल्या.

दोन किलोमीटरवर तिठा लागतो. तिथून सोपा रस्ता उजवीकडे शेतात जातो आणि अवघड डावीकडे डोंगरावर. माझा मधला त्याआधीच फुटतो, म्हणून हे मला नंतर कळलं. आम्ही पोचलो तर एक म्हातारी बाई बादली घेऊन तिठा धूत होती. बाणांचा मागमूस नव्हता, नुसता लालसर चिखल.

"अम्मा, यहाँ पीला निशान था ना?" मी विचारलं.

बाई माझ्यावर उखडलीच. "अच्छा, तो तुम लोग हो! हर हफ्ते मेरे रास्ते में टोटका डाल जाते हो? लाल-पीला, तिराहे पर! मेरी भैंस ने दूध कम कर दिया।"

काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं विनया, करणी वाटली त्यांना! तिठ्यावर हळदकुंकू! आपल्याकडे मी असं बघितलं असतं तर वळसा घालून गेले असते. ह्यांच्या लक्षात कसं आलं नाही?" माझ्याही आलं नव्हतं, दोन वर्षं हे बाण बघून.

काकूंनी म्हातारीला समजावलं. "अम्मा, ये टोटका नहीं है। ये रांगोळी है, हमारे यहाँ दरवाज़े पर डालते हैं। शुभ होता है।"

म्हातारीने बादली खाली ठेवली. "शुभ है तो अपने दरवाज़े पर डालो। यहाँ जंगल में किसके लिए डाल रहे हो?"

एवढे दिवस काकूंच्या मनात होतं ते परक्या बाईने तोंडावर बोलून टाकलं होतं.

आता जायचं कुठे? फोनला नेटवर्क नाही. म्हातारी म्हणाली, "तुम्हारे वाले तो सब उधर गए," आणि डावीकडे बोट दाखवलं. टायरचे ठसेही तिकडेच होते; उजवीकडचे तिच्या पाण्याने पुसले गेले होते. काकू म्हणाल्या, थांबू या जरा. पण मला थांबवत नाही, हा माझाही रोगच. "ठसे दिसतायत ना काकू, चलो!" असं म्हणून मी काकूंना सरळ अवघड रस्त्यावर चढवलं.

पाव तासात माझी चूक मला कळली: ठसे अवघडवाल्यांचे होते. चढ संपेना, खडी टायरखालून सरकत होती. मी परत फिरू म्हटलं. काकू सायकलवरून उतरल्या, सायकल ढकलायला लागल्या आणि म्हणाल्या, "नाही. आता वर जाऊन बघू या, ह्यांना एवढं काय दिसतं तिथे." त्यांचा गुडघा दुखत होता, चेहऱ्यावरून कळत होतं. मला स्वतःची लाज वाटली. दीड तासाने आम्ही माथ्यावर पोचलो. खाली टपरीची निळी ताडपत्री दिसली आणि एक गुराखी भेटला. त्याने बकऱ्यांची वाट दाखवली, तिथून आम्ही पायी उतरलो.

टपरीवर काका नव्हते. टपरीवाला म्हणाला, "अंकल तो पागल हो गए हैं। तीन बार आए, तीन बार गए।"

काका आधी तिठ्याकडे न बघताच सोप्या रस्त्यावर आणखी दोन चकरा मारून शेतांचे चर बघत राहिले होते. आपण बाण काढला म्हणजे माणूस बाणावरच असणार, हा त्यांचा सरकारी विश्वास. धुतलेला तिठा नजरेला पडला तेव्हा डोंगर चढले. तोवर आम्ही बकऱ्यांच्या वाटेला लागलो होतो.

काकू खाटेवर बसून दुसरा चहा घेत होत्या तेव्हा काका आले. कोपर फुटलेलं, चेहरा मातीने भरलेला. काकूंना बघितलं आणि हातातली सायकल त्यांनी तशीच सोडून दिली. ती खडीवर आपटली. काका चालत आले आणि खाटेवर बसले.

"विकतो," ते म्हणाले. "उद्याच विकतो. मला वाटलं, तू... कुमुद, मला फार भीती वाटली."

काकूंनी पदराने त्यांचं कोपर पुसलं. "विकायची कशाला? जमलं मला. ढकलत का होईना, तुमच्या अवघड रस्त्यावरून आलेय. शब्द दिलाय, आता दर रविवारी येणार."

काका रडू लागले. मी टपरीवाल्याकडे बघत बसले.

"पण एक," काकू म्हणाल्या. "तिठ्यावर रांगोळी नाही. तिथल्या बाईचं बरोबर आहे. आणि पुढच्या रविवारी तुम्ही माझ्या मागे. पुढे जायचं नाही, 'बघून येतो' नाही. मागे."

त्या शनिवारी काका डोंगरात गेले नाहीत. मी जिन्यातून उतरले तेव्हा ते दारात मांडी घालून काकूंच्या ठिपक्यांत पिवळा रंग भरत होते. अर्धा रंग रेषेबाहेर होता.

रविवारी सोपा रस्ता. पुढे काकू, मागे काका, त्यांच्या मागे मी. काकू सावकाश, मोहरीची शेतं बघत निघाल्या होत्या. मध्येच थांबून तिठ्यावरच्या अम्माशी म्हशीच्या दुधावर बोलल्या. काकांचे ब्रेक सारखे किंचाळत होते. चारदा त्यांचं चाक बाजूला वळलं, चारदा त्यांनी ते परत सरळ केलं. थंडीतही पाठ घामाने भिजली होती. आठ किलोमीटरला पावणेदोन तास लागले.

टपरीजवळ काका माझ्या कानाशी आले. "विनया, ह्या रस्त्याचा शेरा बदलायला हवा. अवघड आहे गं."

काकूंनी मागे न बघताच सांगितलं, "शेऱ्याला अपील नसतं."